लॅब्रॅडॉरमधील मिश्र कुटुंबांची घरे

कॅनडातील लॅब्रॅडॉरच्या दक्षिण व मध्य किनाऱ्यावर युरोपीय (बहुतांशी इंग्रज) पुरुष आणि इन्युइट (आर्क्टिक भागातील मूळ रहिवासी) स्त्रिया यांनी थाटलेल्या संसारांची वसतिस्थाने. हे पुरुष सॅमन व कॉड मासेमारी, सीलची शिकार आणि फरचा व्यापार यांसाठी आले. इंग्रज व्यापारी जॉर्ज कार्टराइट याने १७७० मध्ये येथे ठाणे उभारले. मिश्र कुटुंबांची घरे ओळखू येतात ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील.

इन्युइट लोक दक्षिणेत केवळ व्यापारापुरते उतरत, असे पूर्वी मानले जाई. सँडविच उपसागरातील हंटिंग्डन बेटावर त्यांची हिवाळी घरे सापडल्यावर हे मत मागे पडले. स्त्रिया दूरवरून आणल्या गेल्या असे मानण्याऐवजी, नवागत पुरुष आधीच वसलेल्या समाजात सामावले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

घराच्या भिंती गवताळ मातीचे ठोकळे रचून उभारत. इन्युइट हिवाळी घरात खोलगट प्रवेशमार्ग (थंड हवा तेथेच अडते), फरसबंदी, मागे झोपण्याचा ओटा व संगजिऱ्याचे दिवे असत. फळ्यांची जमीन, काच आणि लोखंडी शेगडी ही युरोपीय अंगे. पण खुद्द इन्युइटांनीही युरोपीय वस्तू फार आधीपासून वापरल्या. त्यामुळे एकट्या खापरावरून वा खिळ्यावरून कुटुंब ठरत नाही. नॉर्थ रिव्हर येथील एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे घर इंग्रज पुरुष व इन्युइट पत्नीचे मानतात, ते घराची रचना, उकिरड्यातील हाडे, भांडी आणि लेखी नोंदी एकत्र ताडून. बशांच्या तुलनेत वाडग्यांचे प्रमाणही पाहिले जाते. सीलच्या मांसाचा रस्सा वाडग्यातच वाढता येतो.

उत्खननात भिंतच फसवते. ठोकळे जुन्या उकिरड्यावरून कापले असतील तर त्यांतील जुने खापर भिंत ढासळताच नव्या जमिनीवर पडते. म्हणून पडझडीचा थर वेगळा काढावा लागतो. फळ्यांच्या फटींतून मणी व गुंड्या खाली जातात. माती चाळताना ६ मिमी. जाळीतून बारीक मणी निसटतात, ३ मिमी. जाळी लागते. आम्लधर्मी मातीत हाडे सहसा विरतात, दाट उकिरड्यात मात्र टिकतात. कालनिर्णय छापील नक्षीच्या भांड्यांवर व खिळ्यांवर बेततात. मातीच्या चिलमीच्या नळीच्या छिद्राचा व्यास मोजून काळ ठरवण्याची पद्धत मोजक्या तुकड्यांवर, आणि विशेषतः एकोणिसाव्या शतकासाठी, भरवशाची नाही.

या कुटुंबांचे अनेक वंशज आज नुनाटुकावुट या नावाने संघटित आहेत. त्यांच्या इन्युइट ओळखीला नुनात्सियावुट शासन (उत्तर लॅब्रॅडॉरमधील इन्युइटांचे स्वशासन) व इनू राष्ट्र (इन्युइटांहून वेगळ्या इनू या मूळ रहिवासी समाजाची संघटना) यांचा विरोध असल्याने घरांचा अन्वयार्थही वादात ओढला जातो. उन्हाळी वस्त्यांचे उत्खनन त्या मानाने थोडे झाले आहे.