ग्रामीण विदर्भातील वैज्ञानिक संशोधन

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील गावे, शेते, जंगले, तळी आणि तिथली माणसे यांचा अभ्यास करून निरनिराळ्या विद्याशाखांत झालेले, मुख्यतः गेल्या चार दशकांतले संशोधन. वर्तमानपत्रांत विदर्भ बहुधा शेतकरी आत्महत्या, ऊन आणि अनुशेष एवढ्यापुरताच दिसतो. ‘लॅन्सेट’ आणि ‘सायन्स’सारख्या नियतकालिकांत मात्र तो अगदी वेगळ्या कारणांनी पोहोचला आहे, आणि ती कारणे त्या त्या तालुक्यातल्या लोकांनाही फारशी ठाऊक नसतात.

संस्था बहुतेक शहरांत आहेत. नागपुरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे नीरी (१९५८) आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था (१९७६), अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (१९६९). सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान (१९६९) आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ (२०११) हे त्याला अपवाद. याखेरीज पुणे, लखनौ, डेहराडून, हैदराबाद, थेट जर्मनीपर्यंतच्या प्रयोगशाळांनी इथली माती, पाणी, हाडे आणि रक्ताचे नमुने तपासले. नमुना गावातून जातो आणि निष्कर्ष परदेशी नियतकालिकात छापून येतो, हा इथला नेहमीचा रिवाज. ज्या कामांत मोजणारा माणूसच गावातला होता त्यांचा ठसा अधिक खोल उमटला, असे मागे वळून पाहता म्हणावे लागते.

गडचिरोली : मोजदाद गावकऱ्यांची

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांतच डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा अभ्यास दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला होता. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच सरकारी हिशेब होता. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी बाई डॉक्टरांना सांगत नव्हती आणि डॉक्टर विचारत नव्हता. घरोघरी जाऊन केलेल्या या तपासणीने तो हिशेब मोडला. प्रजनन आरोग्याविषयीच्या पुढच्या आंतरराष्ट्रीय चर्चेत हा अभ्यास वारंवार उद्धृत झाला.

दुसरा टप्पा बालमृत्यूंचा. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्याची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. पण शाळेचे तोंड न पाहिलेल्या सुईणीने मिनिटाला पन्नास-साठ श्वास मोजायचे कसे? त्यावर निघालेले उत्तर म्हणजे एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी मर्यादा दाखवणारा लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे असे धरून गोळ्या सुरू करायच्या. इथे संशोधनाचा विषय जितका औषध होता तितकेच हे साधनही होते. न्यूमोनियाने होणारे मृत्यू गावपातळीवरच्या उपचारांनी कमी होतात, असे या प्रयोगाने १९९० मध्ये दाखवले.

तिसरे आणि सर्वांत गाजलेले काम नवजात बाळांचे. ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून निवडलेल्या गावातल्याच स्त्रियांना घरी जाऊन बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हे शिकवले गेले. तुलनेसाठी ४७ गावे होती. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ही घट ६२ टक्के होती. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दहावीही न झालेल्या बाईने सुई टोचावी का, यावर वैद्यकीय वर्तुळात बराच वाद झाला. तो वाद आकड्यांपेक्षा व्यवसायाच्या हद्दीबद्दल अधिक होता, असे आज वाचताना जाणवते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळासाठी ज्या सहा (घरी बाळंतपण झाल्यास सात) गृहभेटी देतात, त्या योजनेचे मूळ याच गावांत आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाने मात्र गृहभेटी, वजन, समुपदेशन आणि आजारी बाळ वेळेत दवाखान्यात पाठवणे यांवर भर दिला.

या सगळ्याचा पाया होता गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदणारी, न कंटाळता वर्षानुवर्षे चालवलेली वही. मूळ आकडा खरा नसेल तर तो घटला असे म्हणण्यालाही अर्थ उरत नाही. सरकारी दप्तरात बालमृत्यू कमी दिसतात आणि घरोघरच्या मोजणीत जास्त, ही तफावत पुढे मेळघाटातही वादाचा मुद्दा झाली.

सेवाग्रामच्या कामाची जातकुळी वेगळी आहे. तिथल्या रुग्णालयातील ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तपासणीत निम्म्या जणांच्या शरीरात क्षयाचा सुप्त संसर्ग असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. रक्ताची महागडी चाचणी आणि कातडीवरची जुनी स्वस्त चाचणी यांचे निकाल बरेचसे जुळले, हा त्यातला गरीब देशांच्या कामाचा भाग. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विदर्भातील शोध त्याहून जुना आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपुरातून १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’ला निबंध गेला होता. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहते, म्हणून इथला आजार सौम्य असावा, असा समज दीर्घकाळ होता. विदर्भातील मुलांच्या बाबतीत तो नेहमी खरा ठरत नाही, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनी नंतर दाखवून दिले.

कापूस आणि गुलाबी बोंडअळी

जिवाणूच्या जनुकामुळे अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. २०१० पर्यंत गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला पुरून उरल्याचे स्पष्ट झाले होते, आणि काही वर्षांतच ती दुसऱ्यालाही सरावली. २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने हाहाकार केला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

अळी का जिंकली, याचे उत्तर दोन पातळ्यांवर शोधले गेले. रेणूंच्या पातळीवर : बीटी विष अळीच्या आतड्यातील विशिष्ट प्रथिनांना चिकटल्यावरच काम करते. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांमध्ये ‘एबीसीए२’ या जनुकात बिघाड झालेले आढळले आणि दुसरे विष निष्प्रभ होण्याशी त्यांचा संबंध असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. शेताच्या पातळीवर : बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी येई. ती कडेने पेरली तर विषाला न सरावलेले पतंगही शेतात राहतात आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होत जाते, असा त्यामागचा हिशेब. ती पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही. आधीच तोकडी जमीन, त्यात अळीसाठी ओळी सोडायच्या हे कुणालाही पटणे अवघड होते, आणि त्यामागचे कारण नीट समजावून सांगणाराही दुकानात कुणी नव्हता. त्यात भारतात चालणारे संकरित वाण लांब मुदतीचे. पाणी असलेला शेतकरी डिसेंबरनंतरही फरदड, म्हणजे वेचणीनंतरचे तेच पीक, उभे ठेवतो, आणि हिवाळ्यात एरवी उपाशी मेली असती ती अळी बोंडात पोसली जाते.

बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, त्यामुळे उपाय वेळापत्रकाचे आहेत : कमी मुदतीचे वाण, डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुले) वेचून नष्ट करणे, मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावून सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग दिसले तरच फवारणी, फरदड बंद, पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या झाडांची) वेळीच विल्हेवाट, जिनिंगच्या आवारातही सापळे. अमेरिकेने बीटी कपाशीला वंध्य पतंग सोडण्याची जोड देऊन २०१८ मध्ये ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले. चीनमध्ये दुसऱ्या पिढीच्या संकरित बियाण्यात बिगर-बीटी झाडे आपोआप मिसळलेली राहिली आणि प्रतिकार मागे हटला. विदर्भातील शिफारशी शास्त्रदृष्ट्या चोख आहेत. पण फेब्रुवारीपर्यंत चार क्विंटल जास्तीचा कापूस हाती येत असताना तो सोडायचा कशाच्या भरवशावर, या अर्थशास्त्राच्या प्रश्नावर कीटकशास्त्राइतके काम झालेले नाही.

लोणार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, खोदले गेले आहे. ते ज्वालामुखीचे की अशनीचे, हा वाद १९७३ मध्ये ‘सायन्स’मधील निबंधाने बहुतांशी मिटवला : प्रचंड दाबाखालीच तयार होणारा मॅस्केलिनाइट हा काचरूप पदार्थ तिथे सापडला होता. बेसाल्टमधील इतके सुस्थितीतले आघात-विवर पृथ्वीवर दुर्मीळ. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचा, म्हणून ग्रहशास्त्रज्ञांना लोणारचे अप्रूप. वयाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा निघाला. तप्तदीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले होते. २०११ मध्ये अरगॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहापटींहून जास्त फरक पडूनही पर्यटन फलकांवर जुनाच आकडा टिकून असतो.

सरोवराचे पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी आहे. सामू दहाच्या आसपास. ‘इंडीबॅक्टर अल्कालीफिलस’ आणि ‘सेसेंबिया लोनारेन्सिस’ हे जिवाणू शास्त्राला प्रथम याच पाण्यातून माहीत झाले. दुसऱ्याच्या तर नावातच गाव आहे. तळातील गाळाच्या सुमारे दहा मीटर लांबीच्या गाभ्यातून गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांच्या पावसाचा आलेख काढता आला. पाणी फार आटले की गाळात गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक बनतात, आणि त्यांच्या थरांवरून प्रदीर्घ अवर्षणाचे दोन काळ वाचले गेले : एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्राने लोणारकडे पाहिले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नमुने तपासायला लावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारे पाणी मानवणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याकडे बोट दाखवले; पाणी काही काळ स्थिर ठेवल्यावर गुलाबी साका तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

विष्ठेचे शास्त्र

या प्रदेशातल्या संशोधनात विष्ठेला अनपेक्षित मान आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावाच्या शिवारात डायनोसॉरच्या दगड झालेल्या विष्ठेचे तुकडे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांत गवताच्या पेशींतील सिलिकेचे कण मिळाले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, अशी तोवरची समजूत होती. २००५ च्या ‘सायन्स’मधील निबंधाने ती खोडली. २०११ मध्ये अशाच कणांवरून भाताच्या कुळाचे मूळही त्याच काळात, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपलीकडे, नेले गेले. पिसदुऱ्यापासून पूर्वेला निघाले की काही तासांत धानाचा पट्टा सुरू होतो, हा निव्वळ योगायोग असला तरी सांगण्याजोगा आहे.

वाघांच्या अभ्यासातही विष्ठेतील डीएनएवरून कोणत्या जंगलातला वाघ कोणाशी नाते सांगतो हे काढले जाते. त्यातून आणि रेडिओ कॉलरमधून एकच गोष्ट पुढे आली : वाघ अभयारण्यांच्या हद्दी पाळत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला ‘टी१-सी१’ हा तरुण वाघ जून २०१९ मध्ये निघाला, तेलंगण आणि मराठवाडा फिरून सुमारे पाच महिन्यांत १,३०० किलोमीटरहून अधिक चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत बराच भाग शेतांचा, नाल्यांचा होता. वनखात्याच्या नकाशावर संचारमार्ग म्हणून रंगवलेल्या हिरव्या पट्ट्यांइतकीच तुरीची आणि कपाशीची उभी पिकेही वाघाला आडोसा देतात, ही त्यातली नवी बाब. शेतकऱ्याला ती आधीपासून ठाऊक होती आणि फारशी आवडतही नव्हती. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी बांधलेल्या मार्गांवर लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक जातींचे प्राणी ये-जा करताना टिपले गेले.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा, भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि लाखोळी डाळीतील विषद्रव्य हेही जुने आणि अजून चालू असलेले विषय आहेत. अमरावती जिल्ह्यातील फुपगाव येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८-१९ मध्ये केलेल्या उत्खननात लोहयुगीन वस्ती मिळाली.

अभ्यास कोणाचा

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव संशोधकांचे आवडते. तिथे मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने गावाचे स्वतःचे अभ्यासगट चालत आले. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एखादा प्रश्न महिनोन्महिने चर्चेला घेतात आणि निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. पोळे जाळून मध काढण्याऐवजी माश्या जगतील अशा पद्धतीने तो काढावा, हे अशाच अभ्यासातून ठरले. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर लोकजैवविविधता नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीने तयार करणे अपेक्षित आहे. देशात अनेक ठिकाणी ती मुदत गाठण्यासाठी घाईने भरली गेली. अभ्यासगटाची सवय असलेल्या गावांत तीच वही पुढच्या वर्षी बांबू, तेंदू आणि मोहाचे नियोजन करताना उघडता येते.