हिरडीतून रक्त येतंय? ब्रश थांबवू नका

"तिथनं रक्त येतंय, म्हणून तिथं ब्रशच लावत नाही." आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की शेवटी हे पत्रक छापलं.

तोंडाचं आतलं अस्तर पहारा देत असतं. त्याच्या पेशींवर जंतूंची आवरणं ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. दात आणि हिरडीच्या फटीत जंतूंचा पांढरट चिकट थर साठला, की या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-८ अशी रसायनं सोडतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. हिरडी लाल होऊन सुजते, आतलं अस्तर नाजूक होतं आणि ब्रश लागताच रक्त येतं. म्हणजे मूळ दोष त्या थराचा.

डेन्मार्कमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२ जणांनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या.

तेव्हा मऊ ब्रश घ्या आणि हिरडीच्या कडेवर तिरका धरून हलक्या हातानं फिरवा. पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरू नका. कीटण, म्हणजे दातावर घट्ट बसलेला कडक थर, मात्र ब्रशनं निघत नाही, ते दाताच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. वर्षानुवर्षं राहिलं तर हीच सूज दाताखालचं हाड झिजवते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आम्हाला सांगा, पण ती मनानं बंद करू नका.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आत सूज असूनही रक्त कमी दिसतं, त्यामुळे दुखणं लपून राहतं.

सुपारी-तंबाखूचा मावा खाणाऱ्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. लहानपणापासून तांबडा रस्सा वाटीनं पिणाऱ्या माणसाला एक दिवस त्याचा घोटही झोंबतो. घरचे म्हणतात, उष्णता झाली. पण सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होत जातं, आणि ही आग त्याची सुरुवात असू शकते. आरशासमोर तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत घालून बघा. जात नसतील तर मावा आजच सोडा आणि तोंड तपासून घ्या. या अस्तरात पुढं कॅन्सर होण्याचा धोका असतो.

तोंड आल्यावर जेल आम्ही देऊच. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर जेल मागू नका, डॉक्टरांना दाखवा. ओळखीचे कुणी नसतील तर कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात जा.