संतत फलांचा अर्धगट: तक्त्यावरून अवकाश ओळखताना

टोपॉलॉजिकल अवकाश म्हणजे बिंदूंचा असा संच, ज्यात कोणते उपसंच ‘बंद’ हे ठरवून दिलेले असते. संतत फल (फंक्शन) म्हणजे असे फल, की कोणत्याही बंद संचात जाणाऱ्या बिंदूंचा संचही बंदच असतो. एका टोपॉलॉजिकल अवकाशातून त्याच अवकाशात जाणारी सगळी संतत फले घ्या. दोन फले एकामागोमाग लावली की पुन्हा संतत फलच मिळते. व्यस्त फल असेलच असे नाही, म्हणून हा गट नव्हे, अर्धगट. आता अवकाश झाकून हातात फक्त या संयोगाचा तक्ता (कोणती दोन फले लावली की कोणते फल मिळते, याची यादी) दिला, तर अवकाश ओळखता येईल?

१९३९ मध्ये गणितज्ञ गेल्फांड आणि कोल्मोगोरोव्ह यांनी दाखवले, की कॉम्पॅक्ट (ढोबळपणे, सांत संचासारखा आटोपशीर) हाउसडॉर्फ (कोणत्याही दोन बिंदूंभोवती एकमेकांना न छेदणारे खुले संच, म्हणजे बंद संचांचे पूरक, असलेला) अवकाश त्यावरच्या वास्तव मूल्यांच्या संतत फलांच्या वलयावरून, म्हणजे त्या फलांच्या बेरीज-गुणाकारावरून, ठरतो. १९४९ मध्ये मिलग्रमने त्यातली बेरीजही काढून टाकली. नुसता गुणाकार पुरला. पण तिथे वास्तव संख्यांचा आधार होता. इथे तोही नाही.

आधार मिळतो तो स्थिर फलांचा, म्हणजे प्रत्येक बिंदूला एकाच बिंदूवर नेणाऱ्या फलांचा. आधी कोणतेही फल लावा, मग स्थिर फल लावा. उत्तर तेच स्थिर फल. हा गुण फक्त स्थिर फलांतच असतो, त्यामुळे तक्त्यात ती लगेच सापडतात, आणि प्रत्येक स्थिर फल म्हणजे एक बिंदू. बिंदू ‘क’चे स्थिर फल लावून त्यावर ‘फ’ लावले, की ‘फ(क)’चे स्थिर फल मिळते, म्हणजे फलांच्या किमतीही वाचता आल्या. टोपॉलॉजी नसलेल्या नुसत्या संचासाठी श्रायरने १९३७ मध्येच सिद्ध केले होते, की सगळ्या फलांच्या अर्धगटाची प्रत्येक स्वसमरूपता (तक्ता न बदलणारी फलांची अदलाबदल) म्हणजे बिंदूंची फेरमांडणी.

खरी अडचण टोपॉलॉजीची, म्हणजे बंद संच ओळखण्याची. ‘फ’ची किंमत ‘ब’ येणाऱ्या बिंदूंचा संच तक्त्यातून मिळतो आणि एकेक बिंदू बंद असेल तर तो संचही बंद असतो. असे संच पुरेसे असतील, तर त्यांच्या सांत एकत्रीकरणांतून (युनियन) आणि मग छेदांतून सगळे बंद संच उभे राहतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलोच्या केनेथ मॅगिल यांनी ‘पुरेसे’ म्हणजे काय, याचा पद्धतशीर अभ्यास केला. अवकाश कम्प्लीटली रेग्युलर (बंद संच आणि त्याबाहेरचा बिंदू संतत फलाने वेगळे करता येणारा) हाउसडॉर्फ असेल आणि त्यात ० ते १ या अंतरालाची एक प्रत असेल, तर काम होते: बंद संचावर ० आणि बाहेरच्या बिंदूवर १ देणारे फल घ्यायचे आणि अंतराल त्या प्रतीवर बसवायचे.

या अटी फुकटच्या नाहीत. डिस्क्रीट (प्रत्येक संच बंद) आणि इनडिस्क्रीट (फक्त रिकामा आणि पूर्ण संच बंद) टोपॉलॉजीत प्रत्येक फल संतत, म्हणून एकाच संचावर दोन्हींचा अर्धगट तोच. कॉम्पॅक्ट, संलग्न (एकसंध), मेट्रिक (अंतर मोजता येणाऱ्या) अवकाशातही घात होतो. १९६७ मध्ये हॉवर्ड कुक यांनी असा अवकाश बांधला, की त्याच्या एकाहून अधिक बिंदूंच्या कोणत्याही कॉम्पॅक्ट, संलग्न भागातून मूळ अवकाशात जाणारे संतत फल एकतर स्थिर असते, नाहीतर प्रत्येक बिंदू जागच्या जागी ठेवते. असे दोन वेगळे भाग होमिओमॉर्फिक (टोपॉलॉजीच्या दृष्टीने एकसारखे) असूच शकत नाहीत. पण दोन्हींचे अर्धगट म्हणजे स्थिर फले अधिक तत्समक (बिंदू जागीच ठेवणारे) फल, आणि बिंदूंची संख्याही सारखीच. तक्ते हुबेहूब जुळतात.