पाच वेळा 'का' विचारून भागत नाही

मोठा बिघाड किंवा अपघात झाला की बातमीत ठरलेलं वाक्य येतंच, 'नेमकं कारण शोधलं जातंय'. जणू कारण एकच आहे आणि ते ढिगाऱ्यात कुठेतरी पडलंय, सापडलं की फाइल बंद. टोयोटात रुजलेली पाच वेळा 'का' विचारायची पद्धतही लोक तशीच वापरतात. पद्धत वाईट नाही, पण प्रत्येक 'का'ला एकच उत्तर घेत गेलं की एक सरळ साखळी बनते, आणि बिघाड सहसा तसा होत नाही, तीन-चार गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या की होतो.

म्हणून तपास करणारे घटनांचं चित्र काढतात. डावीकडून उजवीकडे वेळ, घटना चौकोनात, परिस्थिती लंबगोलात, मध्ये बाण. एका चौकोनात एकच घटना, कशाने काय केलं आणि कधी. 'निष्काळजीपणा झाला' असं लिहायचं नाही, तो शेरा झाला. मग प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून विचारायचं, एवढंच घडलं असतं तर पुढचं झालंच असतं का? नसतं, तर अजून एक बाण हवा, तो कुठाय?

एरियन 5 चंच घ्या. 4 जून 1996 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून हे युरोपियन रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि साधारण 40 सेकंदांत वाट सोडून फुटलं. साखळीवाले म्हणतील, आडव्या वेगाशी निगडित 64 बिटांचा आकडा 16 बिटांत कोंबला, तिथे 32,767 च्या पुढे जागाच नसते, एरर आला, विषय संपला. आता शेवटच्या चौकोनापासून मागे या. रॉकेट तुटलं कारण नॉझल, म्हणजे इंजिनाचा जाळ बाहेर सोडणारी तोंडं, एकदम टोकाला वळले. ते वळले कारण दिशा सांगणाऱ्या यंत्रणेकडून मुख्य कॉम्प्युटरला एररचा कोड आला आणि त्याला तो कोडच उड्डाणाचा डेटा वाटला. कोड आला कारण ती यंत्रणा बंद पडली. इथे थांबा, इथे बाण एक नाही, बरेच आहेत. त्या आकड्याला संरक्षण नव्हतं, एरर आला की प्रोसेसर बंदच करायचा असं डिझाइनमध्येच ठरलेलं, सॉफ्टवेअर आधीच्या एरियन 4 रॉकेटवरून उचललेलं आणि एरियन 5 चा आडवा वेग सुरुवातीलाच बराच जास्त, शिवाय ज्या हिशोबात हा आकडा येत होता त्या हिशोबाचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता, तरी तो चालूच होता!

अशा जोडाला 'आणि' गेट म्हणतात, सगळं जुळलं तरच पुढचं घडतं. कुठलंही एक पुरत असेल तर 'किंवा' गेट. ही भाषा फॉल्ट ट्रीची, म्हणजे वर बिघाड आणि खाली फांद्यांसारखी त्याची कारणं मांडणाऱ्या चित्राची, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मिनिटमन क्षेपणास्त्रासाठी तयार झालेली. 'आणि' गेटला शक्यतांचा गुणाकार होतो. समजा मुख्य यंत्रणा हजारात एकदा बंद पडते आणि बॅकअपही तितक्याच वेळा, तर दोन्ही एकदम जाण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणून तर बॅकअप ठेवतात. पण हा गुणाकार दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. एरियनमध्ये बॅकअपला सॉफ्टवेअर तेच आणि मोजायचा वेगही तोच, त्यामुळे बॅकअप मुख्य यंत्रणेच्या जेमतेम क्षणभर आधीच गेला. चित्रात दोन्ही फांद्या खाली एकाच चौकोनाला मिळतात, म्हणजे वर 'आणि' लिहिलेलं असलं तरी बूलियन बीजगणितात, म्हणजे घडलं-नाही घडलं एवढंच मोजणाऱ्या गणितात, 'अ आणि अ' म्हणजे नुसता अ, अ चा वर्ग वगैरे काही नाही, आणि दहा लाखांत एक परत हजारात एक होऊन बसतं. वरची घटना घडवायला पुरेसा आणि ज्यातलं एकही कारण वगळता येत नाही असा गट म्हणजे मिनिमल कट सेट, आणि त्यात एकच घटना उरली तर तो बॅकअप फक्त कागदावर आहे.

'ह्यूमन एरर' लिहून फाइल बंद करणं मला तरी ग्रहमान खराब होतं म्हणण्याइतकंच वाटतं. माणूस चुकणार हे चित्रात धरूनच चालायचं असतं. आणि डेटा ओता, आमचं सॉफ्टवेअर मूळ कारण काढून देईल, या जाहिरातींचंही तेच. ज्या गोष्टीची नोंदच झाली नाही तिचा बाण ते कुठून आणणार?

एरियनच्या चौकशी अहवालातल्या शिफारशी या चित्रावर ठेवून बघा. तो बिनकामाचा हिशोब रॉकेट उडताच बंद करा, ही एक फांदी कापते. कुठल्याही सेन्सरने डेटा पाठवणं थांबवू नये, जमेल तितका चांगला पाठवत राहावं, ही दुसरी. आकड्याला जास्त जागा द्या, एवढंच करून थांबलं असतं तर 'एरर आला की बंद' हा चौकोन तसाच राहिला असता, मुख्य यंत्रणेत आणि बॅकअपमध्येही.