अतिवास्तववादी आकृतिचित्रातील प्रतीकार्थ

ओळखू येणारी मानवाकृती अशक्य अवस्थेत किंवा असंबद्ध वस्तूंच्या सान्निध्यात रंगवलेल्या स्वप्नसदृश चित्रांतील वस्तू, रंग व देहस्थिती यांचा अर्थ लावण्याची रीत. फ्रॉइड यांच्या स्वप्नमीमांसेने प्रभावित झालेल्या फ्रेंच लेखक आंद्रे ब्रताँ यांनी १९२४ मध्ये पॅरिसमध्ये जाहीरनामा प्रसिद्ध केला, तेव्हापासून अतिवास्तववादाला चळवळीचे रूप आले.

या चित्रांपुढे प्रतीकांचा कोश फारसा कामाचा नसतो. मूर्तीच्या हाती शंख-चक्र दिसताच विष्णू ओळखता येतो, कारण तो संकेत परंपरेने ठरवलेला असतो. अतिवास्तववादी चित्रकार मात्र असा संकेत मोडतो किंवा स्वतःपुरता नवा घडवतो. साल्वादोर दालींच्या मुंग्या क्षय सुचवतात, हे त्यांच्या अनेक चित्रांतील पुनरावृत्तीवरून कळते. दुसऱ्या कोणाच्या चित्रातील मुंग्यांना तोच अर्थ चिकटवता येत नाही.

चरित्राचा आधार किती घ्यावा, हा याहून अवघड प्रश्न आहे. रने माग्रीत यांच्या १९२८ मधील ‘द लव्हर्स’ या चित्रात चुंबन घेणाऱ्या जोडप्याची डोकी कापडात गुंडाळलेली आहेत. चित्रकाराच्या आईने १९१२ मध्ये नदीत जीव दिला होता; तिचा देह सापडला तेव्हा चेहरा कपड्याने झाकलेला होता असे सांगतात, म्हणून समीक्षकांनी त्या घटनेशी या कापडाचा संबंध जोडला. माग्रीत यांना ते स्पष्टीकरण रुचले नाही. याउलट मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांचे ‘द टू फ्रिडाज’ हे चित्र १९३९ मधील, म्हणजे दिएगो रिव्हेरा यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला त्याच वर्षीचे आहे. युरोपीय आणि तेवाना (पारंपरिक मेक्सिकन) पोशाखांतील दोन फ्रिडांची उघडी हृदये एकाच रक्तवाहिनीने जोडलेली असून, तेथे चरित्र बाजूला ठेवले तर अर्धे चित्र मुके राहते. काहलो स्वतःला अतिवास्तववादी मानत नसत, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

नागपूरच्या प्रेक्षकाला विरूप मानवाकृती वाचण्याची सवय वेगळ्या वाटेने लागलेली असते. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, निघणारी काळी मारबत, म्हणजे मिरवून जाळला जाणारा स्त्रीचा पुतळा (१८८१ पासून), कोणी इंग्रजांशी हातमिळवणी करणारी भोसले घराण्यातील बाकाबाई मानतात, तर कोणी पूतना. अर्थ असे अनेक असले, तरी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी आणि शेवटचे दहन त्यांना एका प्रयोजनाशी बांधून ठेवतात. याच मिरवणुकीतील बडग्यांवर, म्हणजे टीकेसाठी केलेल्या पुरुषी पुतळ्यांवर, तर फलकच लावलेले असतात, त्यामुळे त्यांचा रोख कोणावर आहे हे शोधावे लागत नाही. अतिवास्तववादी चित्राला ना आरोळी असते ना असा फलक. शीर्षक असते, पण तेही पुष्कळदा चकवा देते.

माग्रीत यांच्या १९६४ मधील ‘द सन ऑफ मॅन’ मध्ये एका पुरुषाच्या चेहऱ्यापुढे हिरवे सफरचंद तरंगते. शीर्षक बायबलमधील असल्याने ख्रिस्ती संस्कारांतील प्रेक्षकाला आदम-ईव्हचे फळ सहज आठवते. तो संदर्भ ठाऊक नसलेल्या नागपूरच्या इतवारी भागातील प्रेक्षकाला केवळ झाकलेला चेहरा दिसेल आणि त्याचे वाचन अपुरे असले, तरी चुकीचे ठरत नाही. सफरचंदाच्या जागी संत्रे असते, तर मात्र त्याने ते चित्र आपल्याच गावाचे म्हटले असते, आणि तो अर्थ चित्रकाराचा नव्हे, प्रेक्षकाचा ठरला असता.