बाळीचा पीळ: कडकपणा बदलणाऱ्या रचनांची पार्श्वभूमी

गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, घडाऐवजी बाळी (आधाराला वेढे घालणारा वेलीचा तंतू) निघाली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराच्या कपाळाला आठी पडते. घड आणि बाळी मुळात एकाच अंकुरातून घडतात, त्यामुळे बाळी म्हणजे त्याच्या लेखी हुकलेला घड. गरजेप्रमाणे मऊ किंवा कडक होणाऱ्या रचना शोधणाऱ्यांना मात्र वेलींच्या याच अवयवाने बरेच काही दिले आहे.

चार्ल्स डार्विनने १८६५ साली चढत्या वेलींवर लिहिलेल्या निबंधात द्राक्षाची बाळीही तपासली होती. ती फुलोऱ्याच्या देठाचेच रूपांतर आहे, हे त्याने दाखवले. आधार पकडलेल्या बाळीचे निम्मे वेढे एका दिशेने, निम्मे उलट दिशेने आणि मध्ये एक सरळ तुकडा, हेही त्याने टिपले. दोन्ही टोके बांधलेली असली की एकूण पीळ शून्यच राहतो. जुन्या टेलिफोनच्या गुंडाळी वायरीत मध्येच दिशा उलटते ती याच कारणाने.

वेढ्यांचा फायदा साध्या गणितात आहे. तेवढ्याच वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये तारेची जाडी दुप्पट केली तर ती १६ पट कडक होते, वेढ्याचा व्यास दुप्पट केला तर ८ पट मऊ. पदार्थ तोच, फक्त आकार बदलला.

२०१२ साली हार्वर्डच्या गटाने काकडीच्या बाळीत तंतूंची दोन थरांची पट्टी शोधली. आतल्या बाजूच्या पेशींत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य, जास्त. ती बाजू जास्त आकसते आणि बाळी वळते. जून बाळी ओढली तर सुटण्याऐवजी आधी आणखी वेढे घेते, म्हणजे हलक्या झुळकीत मऊ आणि जोराच्या वाऱ्यात ताठ. नुसत्या सिलिकॉनच्या दोन पट्ट्या चिकटवून केलेली नक्कल सरळ सुटत गेली. आत न ताणणारे कापड आणि बाहेर तांब्याची तार लावल्यावरच तिने जादा वेढे घेतले.

पिळाचा वापर मग स्नायूसारखा करण्यात आला. २०१४ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील गटाने गळाच्या नायलॉन दोरीला स्प्रिंगसारखे वेढे पडेपर्यंत पीळ देऊन तापवल्यावर आखडणारे धागे केले. सर्वाधिक आकुंचन ४९ टक्के. कृती सोपी दिसते: वरचे टोक मोटरला, खाली वजन, आणि ते वजन वर सरकेल पण फिरणार नाही अशी अडवणूक. वजन कमी पडले तर दोरीला गाठीवजा अढ्या पडतात, जास्त झाले तर ती तुटते. पुढे तापवून पीळ बसवावा लागतो, नाहीतर हात सोडताच सगळा उलगडतो. काम करतानाही थोडा भार हवाच. वेढे एकमेकांना टेकलेले असतील तर आखडायला जागाच नसते. वेढा पिळाच्या उलट दिशेने घातला, तर तापल्यावर धागा चक्क लांबतो. कार्यक्षमता मात्र जेमतेम टक्का-दीड टक्का, हे उत्साहाच्या भरात सहसा कोणी सांगत नाही.

लाकडासारखी झालेली बाळी पुन्हा मऊ होत नाही. छाटणीच्या वेळी ती तारेवरून सोडवणाऱ्या मजुरांना हे वेगळे सांगायला नको. कडक होऊन पुन्हा मऊ होण्याची वाट इटलीतल्या संशोधकांनी २०१९ साली पाण्याच्या दाबातून काढली. सच्छिद्र कार्बनच्या इलेक्ट्रोडना सुमारे १.३ व्होल्ट दिले की ते द्रवातले आयन (विद्युतभारित कण) धरून ठेवतात. त्यामुळे परासरणाचा, म्हणजे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी पडद्यातून जाण्याचा, तोल बदलतो, पाणी सरकते आणि बाळीसारख्या मऊ नळीचा ताठरपणा व वळण बदलते. वीज काढली की आयन सुटतात आणि क्रिया उलटते. अडचण वेगाची आहे, कारण पाणी झिरपायला वेळ लागतो. नळी जाड केली तर आतल्या पाण्याच्या मानाने पडद्याचे क्षेत्रफळ कमी पडते आणि काम आणखी मंदावते.