क्वांटम बिंदूंची पेशीविषाक्तता

क्वांटम बिंदू म्हणजे साधारण २ ते १० नॅनोमीटर आकाराचे अर्धसंवाहक स्फटिक. जिवंत पेशींना त्यांच्यापासून होणाऱ्या अपायाला पेशीविषाक्तता म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः कॅडमियम सेलेनाइड व कॅडमियम टेल्युराइड यांच्या बिंदूंविषयी आहे.

काचेतील असे स्फटिक १९८० च्या सुमारास, तर द्रावणातील १९८३ च्या आसपास वर्णिले गेले. १९९८ मध्ये ते पाण्यात विरघळवून पेशींना रंगवण्यासाठी वापरल्यावर विषाक्ततेचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला.

कारणांबाबत मतभेद आहेत. डर्फस, चॅन व भाटिया यांनी २००४ मध्ये यकृतपेशींवर दाखवले की, हवेने वा अतिनील किरणांनी कॅडमियम सेलेनाइडचा पृष्ठभाग ऑक्सिडीभूत होतो, कॅडमियमचे आयन सुटतात आणि पेशी मरतात. झिंक सल्फाइडच्या कवचाने हे घटते, पण पूर्ण थांबतेच असे नाही. दुसऱ्या मताने दोष खुद्द कणाचा : लहान, हिरवे चमकणारे टेल्युराइड बिंदू केंद्रकापर्यंत पोचतात व क्रियाशील ऑक्सिजन (पेशीघटकांना ऑक्सिडीभूत करणारी रूपे) निर्माण करतात. एन-ॲसिटिलसिस्टीन या प्रतिऑक्सिडीकारकाने (ऑक्सिडीभवन रोखणाऱ्या संयुगाने) पेशी वाचतात, हा त्याचा पुरावा. मात्र हे संयुग थायॉलयुक्त (गंधक-हायड्रोजन गट असलेले) असल्याने ते कॅडमियमलाही बांधते आणि कणाच्या पृष्ठभागालाही चिकटते. त्याच प्रयोगमालेत ट्रोलॉक्स हे दुसरे प्रतिऑक्सिडीकारक निष्प्रभ ठरले होते, हे विसरता येत नाही. बिनकवची बिंदूंत तरी आयनांचा वाटा मोठा मानणे सयुक्तिक दिसते.

मापनात चुका बहुधा एमटीटी चाचणीत होतात; तीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंजकाचे क्षपण करून जांभळे फॉर्मझान बनवतात. ९६ खळग्यांच्या पट्टीत पेशींना २४ तास बिंदूंच्या संपर्कात ठेवून एमटीटी (०.५ मिग्रॅ. प्रति मिलि.) घालतात, ३७° से. तापमानाला ३-४ तासांनी जांभळे फॉर्मझान डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरवर शोषण वाचतात. बिंदूंवरील मोकळे थायॉल एमटीटीला पेशींविनाच क्षपित करते. मेलेल्या पेशी मग जिवंत भासतात. म्हणून ‘पेशी नाहीत, बिंदू आहेत’ असा एक खळगा हवाच. शिवाय बिंदू गाळून काढल्यावर उरलेल्या द्रवातील मुक्त कॅडमियम मोजून तितक्याच कॅडमियम क्लोराइडशी तुलना करावी. सीरम (रक्तातील प्रथिनयुक्त द्रव) नसलेल्या पेशीवाढीच्या माध्यमात विषाक्तता अधिक दिसते.

साठवणुकीनेही निष्कर्ष बिघडतात. उदाहरणार्थ, सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४०° से.च्या वर जातो. थायॉल-आवरणाचे टेल्युराइड बिंदू ४° से.ला, अंधारात ठेवावे लागतात. वीज गेल्यावर कुपी टेबलावरच राहिली तर द्रावण गढूळ होते, तळाशी साका बसतो, अतिनील दिव्याखाली चमक मंदावते. असा साठा गाळून वापरणे म्हणजे कण गाळणीत टाकून सुटलेले आयन पेशींवर ओतणे. तंबाखूतही कॅडमियम असते. विडी-उद्योगाच्या या शहरात मानवी नमुने घेताना तंबाखूचे व्यसन नोंदवावे.

डाळिंबाच्या सालीपासून जलऔष्णिक पद्धतीने (बंद पात्रात पाण्यासह तापवून) बनणारे कार्बन बिंदू कॅडमियममुक्त असतात. तरी अपोहन (पटलातून लहान रेणू वेगळे करणे) अपुरे झाल्यास उरलेले लहान रेणू पेशींना बाधतात आणि निष्कर्ष बिंदूंच्या नावावर जमा होतो.

शरीरात सुमारे ५.५ नॅनोमीटरहून लहान द्रवगतिकीय व्यासाचे (आवरणासह द्रवात भासणाऱ्या व्यासाचे) बिंदू मूत्रावाटे जातात. मोठे यकृत-प्लीहेत साठतात. मूत्रपिंडातील कॅडमियमचे जैविक अर्धायुष्य १० ते ३० वर्षे समजतात.